बारनिशीची पोच

कोल्हापूर,
रविवार, २२ जानेवारी २००६

प्रिय दीक्षा,

'चि. दीक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहून दोन कागद फाडले. चौतीस वर्षं लोकांची पत्रं नोंदवण्यात घालवली आणि स्वतःच्या लेकीला लिहायला बसलो तर मायना जमेना. तुझी आई आतनं म्हणाली, प्रिय लिहा की, प्रिय लिहिल्यानं पेन्शन कमी होत न्हाय. तेव्हा प्रिय. तुझं डिसेंबरचं पत्र मिळालं आहे. त्याबद्दल लिहायचं आहेच, पण आधी कालचं सांगितल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येणार नाही. काल मी त्या हॉटेलात जाऊन आलो. दारातल्या पितळी पाटीवर तुझं नाव नाही. बाकी सगळ्यांची आहेत, तुझं नाही.

आता त्या इमारतीची पायरी चढणार नाही, असं मी दसऱ्याला तुझ्या तोंडावर बोललो होतो. ते मोडलं, आणि मोडलं ते जोतीराममुळं. आपला जोतीराम, कचेरीतला पट्टेवाला, ज्याच्या सायकलच्या नळीवर बसून तू शाळेत जायचीस. कचेरी गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली आणि जुनी वास्तू मालक ट्रस्टनं इंगवल्यांना हॉटेलासाठी भाडेपट्ट्यानं दिली. आमचं सामान ट्रकनं हललं, जोतीराम मात्र रिटायर होऊन पुन्हा तिथंच चिकटला. इंगवल्यांनी त्याला फेटा बांधून दारात उभा केलाय. तीस वर्षं ज्यानं चिठ्ठीशिवाय कुणाला आत सोडलं नाही, तो आता येईल त्या गाडीचं दार उघडून मुजरा करतो. मला त्याचा राग येतो. त्याला येत नाही, चांगलं चाललंय म्हणतो. परवा चहाला आला आणि बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणाला, "भाऊसो, संक्रांतीला उद्घाटन झालं, पाटी बसली. पुण्याच्या सायबाचं नाव हाय, कंत्राटदाराचं हाय, लाइटवाल्याचं सुदिक हाय. दीक्षाताईचं तेवढं न्हाय. तुमास्नी ठावं असंल की." मला कुठलं ठाऊक? तुझ्या आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि कपबशा उचलल्या.

माझा समज असा झाला की तुझ्या पुण्याच्या आर्किटेक्ट साहेबांनी तुला डावललं. दोन वर्षं माझ्या पोरीनं त्या इमारतीत धूळ खाल्ली, घुशींची बिळं मोजली, छपरावर चढून कौलं तपासली आणि नाव मात्र साहेबाचं. शनिवारी सकाळी दाढी केली, निरोप समारंभातला पांढरा शर्ट घातला आणि भांडायलाच म्हणून निघालो.

तुझं काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. म्हणायची फार इच्छा होती. सागवानी जिना एवढा स्वच्छ मी नोकरीत कधी पाहिला नव्हता, खालून चौथी पायरी वाजायची ती अजून वाजते. काळ्या दगडावरचा सरकारी पिवळा रंग तू खरवडून काढलास, तर भिंत माणसात आल्यासारखी दिसायला लागली. मागं शिपायांच्या चाळीत, जिथं एका नळावर अकरा बिऱ्हाडं भांडायची, तिथं आता फ्लॅट आहेत, आणि खिडक्याखिडक्यांत डॉक्टरांच्या बायका कुंड्या ठेवतात. हे सगळं ठीक आहे. पण इंगवल्यांनी खोल्यांच्या नावांचं जे केलंय ते बघून मला परत संताप आला, आणि तो तुला ऐकावाच लागेल.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात आपण दोघं त्या बंद इमारतीत टेप घेऊन फिरलो, आठवतं का? तू भिंती मोजत होतीस आणि मी सांगत होतो, ही बारनिशी, हा नक्कलखाना, हा दप्तरखाना. तुझ्या साहेबांना खोली नंबर एक, दोन, तीन चाललं असतं. तूच हट्टानं नकाशावर जुनी नावं घातलीस, ठळक देवनागरीत. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते मी तुला बोललो नाही. तो नकाशा इंगवल्यांच्या हातात पडला, आणि हा मुरगूडकडचा पठ्ठ्या, बापाच्या दुधाच्या धंद्यावर मोठा झालेला, कचेरीत आयुष्यात कधी अर्ज घेऊन उभा राहिलेला नाही. त्यानं दप्तरखान्यातला खाना धरला आणि तिथं जेवणाचा हॉल काढला, दप्तरी थाळी मिळते. नक्कलखान्यात आम्ही कागदांच्या खऱ्या नकला काढायचो, तिथं दर शनिवारी नकलाकार येऊन नटांचे आवाज काढतो. आणि बारनिशी वाचून त्याला वाटलं, बार तर जुनाच दिसतोय. मला स्वतः म्हणाला होता तो, गेल्या सप्टेंबरात, "आबासाहेब, तवाची माणसं बी लई रसिक हुती की वो. कचेरीत बार, त्यो बी निशी, म्हंजे रातचा." बोर्ड रंगवणाऱ्यानं तर बार एका रंगात, निशी दुसऱ्या रंगात आणि मधे एक ग्लास काढला. मी रस्त्यात उभा राहून तो बोर्ड दोनदा वाचला.

मी काल त्याला बसवून सगळं समजावलं, तुला शंभरदा सांगितलंय तसंच. बारनिशी म्हणजे आलेला प्रत्येक कागद जिथं पहिल्यांदा नोंदवतात ती जागा. कागदावर शिक्का, शिक्क्यावर तारीख, तारखेखाली आवक नंबर, आणि आणणाऱ्याच्या हातात पोच. नंबर पडला की कागद सरकारात जिवंत झाला. नंबर पडला नाही तर तो कागद आलाच नाही, मग तो देणारा माणूस दारात मरून पडला तरी आलाच नाही. इंगवले ऐकत होता. म्हणाला, हे आधी कोण असं फोडून बोललंच न्हाय. दसऱ्याला मी तुझ्यावर ओरडलो, "तुझ्या आज्याच्या खिडकीत तू दारूचा गुत्ता काढलास," तेव्हा मी तरी कुठं तुला बोलू दिलं होतं? तू ताटावरून उठलीस. तुझी आई पुरणपोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. रात्रीची गाडी होती, तू दुपारचीच एसटी धरलीस.

आज्याच्या खिडकीची गोष्ट तुला माहीत आहे, पण अर्धीच. तुझा आज्जा, माझा बाप ज्ञानू, कुरुंदवाडहून चालत आणि मिळेल त्या बैलगाडीनं कोल्हापूरला आला, एकसष्ट साली. वतनं खालसा झाली होती आणि वतनाची जमीन आपल्या नावावर करून घ्यायची तर मुदतीत अर्ज द्यायचा होता. आमची ओढ्याकाठची दीड एकर. अर्ज बारनिशीच्या खिडकीत दिला. आतल्या कारकुनानं तो घेतला, न वाचता काचेच्या गोळ्याखाली सरकवला, आणि जा म्हणाला. आम्ही गेलो. पुढं तीन वर्षांनी उत्तर आलं की मुदतीत तुमचा अर्ज प्राप्त झालेला नाही. जमीन दुसऱ्याच्या नावावर लागली. आज तिथं ऊस आहे, बसमधनं जाताना दिसतो. आज्जा मला एवढंच म्हणाला, त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बस. म्हणून मी अडुसष्ट साली त्या टेबलावर बसलो आणि बढतीवर दुसरीकडं जायची वेळ आली तेव्हा दोनदा नकार दिला. खात्यात मला खुळा म्हणायचे.

आता राहिलेली अर्धी. ती तुझ्या आईलासुद्धा मी काल संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली. तो अर्ज मी लिहिला होता. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, अक्षर चांगलं होतं, आज्जा मला बरोबर घेऊन आला होता. त्याच वर्षी आम्हाला शाळेत अर्ज कसा करावा हा धडा होता, आणि मास्तरांनी दोन वेळा सांगितलं होतं की अर्ज दिल्यावर पोच मागावी. मला माहीत होतं दीक्षा. खिडकीपाशी मी आज्जाच्या शेजारी उभा होतो, साहेब पोच द्या हे तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. त्या कारकुनाचा चष्मा आणि कोट बघून ते बाहेर आले नाहीत. आज्जाला पोच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, मला होतं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना न मागता पोच देत बसलो ती त्यापायी. लोकांना वाटायचं, कांबळे फार नियमाचा माणूस आहे.

काल इंगवल्यांनी मला ती खिडकी दाखवली. तू ती ठेवलीस. लोखंडी गज, खालची दगडी पट्टी, हातांनी झिजून झालेला तो खोलगट भाग, सगळं तसंच. बाकीची खोली ओळखू येत नाही, बाटल्या आणि आरसे आहेत, पण खिडकी आहे. वेटर त्या खिडकीतून आत ऑर्डरची चिठ्ठी देतो. प्रत्येक चिठ्ठीवर छापील नंबर असतो, आतला पोऱ्या तो वहीत टिपतो आणि अर्धी चिठ्ठी फाडून परत देतो. एका टेबलानं खारे शेंगदाणे मागितले होते. त्या शेंगदाण्याला नंबर पडला, पोच मिळाली. मी तिथंच खुर्चीवर बसलो. इंगवले घाबरला, पाणी आणा म्हणाला.

पाणी पिऊन मग मी ज्यासाठी गेलो होतो ते काढलं. आवाज चढवूनच विचारलं, माझ्या लेकीचं नाव कुणी खाल्लं? हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. इंगवले रागावला नाही. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "कुणी न्हाय खाल्लं आबासाहेब. नाव घेतलं हुतं पाटीवर, पुण्याच्या सायबांनीच घालाय सांगितलं हुतं, मॅडमचंच काम हाय म्हणून. मॅडमनी सोता फोन केला, एकतीस तारखेला. म्हणाल्या, वडलांना पत्र लिवून विचारलंय, त्यांचं उत्तर आलं न्हाय. म्हंजे त्यांस्नी माझं नाव तितं नको हाय. घालू नका. मी लई समजावलं. बारीक आवाजात बोलत हुत्या." 

मी कसा घरी आलो मला माहीत नाही. रिक्षा केली असणार.

तुझं पत्र टीव्हीवर होतं. सात डिसेंबरला आलं होतं, पोस्टमन केरबानं माझ्या हातात दिलं, वर तुझं अक्षर होतं. मी ते फोडलं नाही. काय लिहिलं असेल ते मला आधीच ठाऊक आहे असं मला वाटलं. सफाई देत असेल, बार कसा गरजेचा आहे ते सांगत असेल. राहू दे पडून म्हटलं, आणि निरोप समारंभात मिळालेला काचेचा गोळा त्याच्यावर ठेवला. तुझी आई रोज तो गोळा उचलून धूळ पुसायची आणि परत ठेवायची. दोन वेळा म्हणाली, फोडा की वो ते. दोन्ही वेळा मी पेपर तोंडापुढं धरला. तू दुपारी फोन करतेस ते मला कळत होतं, मी वाचनालयात जातो ती वेळ साधून. मायलेकी काय बोलता ते मी कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. तिचा हट्ट होता की मी स्वतः फोडीन तेव्हाच मला कळावं.

काल संध्याकाळी मी तो गोळा उचलला तेव्हा हात थांबला. काचेचा गोळा, त्याच्याखाली माणसाचा कागद, वर नंबर नाही, शिक्का नाही. तो कोटवाला कारकून मला पंचेचाळीस वर्षं डोळ्यांपुढं दिसत आलाय. मी त्याला किती शिव्या दिल्यात त्याला गणती नाही. काल त्याच्या जागी मी बसलो होतो, आणि खिडकीबाहेर तू होतीस.

मग फोडलं. दीड पान. सफाई एका ओळीचीही नाही. नाव बदला म्हणून तू इंगवल्यांना तीन वेळा लिहिलंस, त्यांच्या ते डोक्यात शिरलं नाही, एवढंच सांगितलंस. खिडकी तोडून तिथं दार काढणार होते, ती तू वाचवलीस, हेही एका ओळीत. आणि पुढं विचारलंस, "आबा, पाटीवर माझं नाव कोरणार आहेत. दीक्षा भाऊसो कांबळे, असं पूर्ण. त्या इमारतीवर तुमचं नावही त्यामुळं लागेल. पण ज्या इमारतीत बारनिशीचा बार झाला तिथं तुम्हाला ते नको असेल, तर मी काढायला सांगते. एकतीस तारखेपर्यंत वाट बघते. नुसतं हो किंवा नाही एवढं कळवा." पोस्टकार्डावर मावलं असतं. एक अक्षर. मी कळवलं नाही, आणि मुदत संपली. तुझी आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, तुमाला पोच कदी हुती? आयुष्यभर मी तिचं हे वाक्य साध्या अर्थानं घेत आलो, रीतभात नाही या अर्थानं. काल ते नीट लागलं.

आज रविवार असूनही सकाळी परत गेलो. इंगवल्यांच्या नावे रीतसर अर्ज लिहून नेला होता, माझ्या जुन्याच अक्षरात. विषय, पाटीवर नाव लावण्याबाबत. त्यांच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, ठेवून जा काका, साहेबांना देते. मी म्हटलं, आवक नोंदवही आणा. तिला काय म्हणतोय तेच कळेना. शेवटी समोरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली, रकाने आखले, तिला शिकवलं, आणि माझ्याच अर्जावर आवक क्रमांक एक पडला. पोच मागितली. ते शब्द या वेळी तोंडातनं बाहेर आले, आणि तिनं सही करून दिली. इंगवले आला. म्हणाला, मॅडमचं दोन ओळींचं पत्र येऊ दे, आठ दिवसांत पाटी नवी करतो. बारचं विचारलं तर म्हणाला, परवाना त्या खोलीचा हाय, बार हलत न्हाय. फार वाद घातला, काही उपयोग झाला नाही. एवढंच कबूल करून घेतलं की मधला ग्लास पुसायचा आणि बारनिशी एका रंगात, एक शब्द म्हणून लिहायचं. अजून माझं समाधान झालेलं नाही, आणि होईल असं वाटत नाही. तो बोर्ड बघून मला जन्मभर चीड येणार आहे, ते तू गृहीत धर.

पण नाव पाहिजे. तू विचारलं होतंस म्हणून उत्तर देतो, बावीस दिवस मुदतीनंतर. हो. दीक्षा भाऊसो कांबळे, पूर्ण. ज्ञानूच्या खिडकीपासून दहा पावलांवर, बाहेरून येणाऱ्या माणसाला दिसेल असं. तू इंगवल्यांना दोन ओळी लिही. मला पत्र लिहावंसं तुला वाटलं नाही तर लिहू नकोस, माझी तक्रार नाही. लिहिलंस तर केरबाच्या समोर, दारातच फोडीन. तुझं सात डिसेंबरचं पत्र मला मिळालं, मी ते वाचलं. त्याची पोच द्यायची राहिली होती, ती देण्यासाठी हे पत्र.

तुझाच,
आबा

ता. क. घरीसुद्धा एक वही घातली आहे. आवक क्र. १, दीक्षा, पुणे.